पान दोनशे बारा

“रोज एक पान म्हणजे फुलस्केप का वहीचं?” हणबरबाईंनी विचारलं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सतरंजीवर बसलेल्या होतकरू कादंबरीकारांनी माना वळवून त्यांच्याकडं बघितलं. सतरा जण होते. एक झोपला होता, त्यानं बघितलं नाही.

“फुलस्केप,” मी म्हणालो. “एका बाजूनं.”

“समास सोडून?”

“समास सोडून.”

त्यांनी ते लिहून घेतलं. वर्गातल्या बाकीच्यांना साहित्यिक शंका होत्या. पात्रं लेखकाच्या हाताबाहेर जातात तेव्हा काय करावं, निवेदनात आत्मा कसा ओतावा, वगैरे. त्यांची उत्तरं सोपी होती, कारण ती कुणालाच माहीत नसतात. समासाचं मात्र मला खरंखुरं उत्तर द्यावं लागलं.

ही गोष्ट त्र्याण्णव सालातली. मी तेव्हा कऱ्हाडला ‘दैनिक घाटवाट’मध्ये होतो आणि दर गुरुवारी ‘तिरपागडं’ नावाचं विनोदी सदर लिहायचो. प्रमिला हणबर आमच्याच कचेरीत प्रूफरीडर. खिडकीशेजारचं टेबल, डबल काचेचा चष्मा, बोलणं बेताचं. त्यांच्या नजरेतून सोळा वर्षं माझा प्रत्येक शब्द गेला होता आणि सोळा वर्षांत त्या माझ्या एकाही विनोदाला हसल्या नव्हत्या. मी एकदा विचारलंही होतं. त्या म्हणाल्या, “प्रूफ बघताना अर्थाकडं लक्ष द्यायचं नसतं साहेब. चुका निसटतात.”

वाचनालयानं पाच रविवारांचा वर्ग ठेवला होता : ‘कादंबरी – आरंभ आणि समाप्ती’. शिकवायला मला बोलावलं, कारण मी कादंबरी लिहितोय हे सगळ्या गावाला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं. चौदाव्या प्रकरणात माझा नायक एस.टी. स्टँडवर येऊन उभा राहिला होता आणि गेली चार वर्षं त्याची गाडी लागली नव्हती. आरंभाचा माझा अभ्यास चांगला होता. समाप्तीबद्दल मी ऐकून होतो.

पण शिकवलं झकास. रोज एक पान लिहा, सणवार धरून. लिहिलेलं मागं वळून वाचू नका, नाहीतर पहिलंच प्रकरण जन्मभर सुधारत बसाल. आजचं लिखाण वाक्य अर्धं ठेवून थांबवा, म्हणजे उद्या सुरुवात करायला काहीतरी राहतं. अडलात तर तो प्रसंग सोडा आणि पुढचा लिहा. घरच्यांना दाखवू नका. आणि संपली की घरात ठेवू नका, दुसऱ्या दिवशी कुणाच्यातरी हातात द्या. हे सगळे सल्ले उत्तम होते. न वापरल्यामुळं ते अगदी नव्यासारखे राहिले होते.

पाचव्या रविवारी चहा-बिस्किटं झाली, माझा नारळ आणि शाल झाली आणि सतराही जण आपापल्या घरी गेले. मी तो विषय विसरून गेलो.

बरोबर नऊ महिने आणि काही दिवसांनी हणबरबाईंनी माझ्या टेबलावर एक गठ्ठा आणून ठेवला. या आकड्यावर विनोद करायचा मोह मी तेव्हाही आवरला होता.

“काय आहे?”

“कादंबरी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगितली होती की.”

दुपारची वेळ होती. कचेरीत पंख्याचा आणि जिल्हा वार्ताहराच्या घोरण्याचा आवाज सोडला तर शांतता होती. मी गठ्ठ्याकडं बघितलं. वर लिहिलं होतं : ‘बारीक दळण’. प्रत्येक प्रकरण पुडीच्या पांढऱ्या दोऱ्यानं वेगळं बांधलेलं. एकूण दोनशे अडुसष्ट पानं, समास सोडून, एका बाजूनं. एका बाजूनं अशासाठी, की दुसरी बाजू छापलेली होती. बाईंनी कादंबरी आमच्याच पेपरच्या रद्द प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिली होती.

“रोज एक?” मी विचारलं.

“रोज एक. दिवाळीत दोन दिवस पाहुणे होते, तेव्हा नाही जमलं. ते नंतर भरून काढलं.”

“अडला नाहीत कुठं?”

“अडले की. तुम्ही म्हणालात पुढचं लिहा, म्हणून पुढचं लिहिलं. मग मागचं आपोआप सुटलं.”

मी मान हलवली. माझा सल्ला चालतो हे मला माहीत नव्हतं.

“साहेब, एक काम होतं,” त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. “पुण्याचे निसळ प्रकाशक वीस तारखेला इथं येणार आहेत, पुतणीच्या लग्नाला. तुमची ओळख आहे. ते अनोळखी माणसाचं बाड हातात घेत नाहीत म्हणतात. तुम्ही वाचून एक चिठ्ठी द्याल का? जे वाटेल तेच लिहा. नाही आवडली तर नाही म्हणून लिहा.”

निसळांची आणि माझी ओळख होती हे खरं. अकरा वर्षांपूर्वी माझी कादंबरी छापण्याचं त्यांनीच कबूल केलं होतं. पहिली काही वर्षं ते दर दिवाळीला पत्र टाकायचे : ‘काय, कुठवर आलं?’ मग नुसतं शुभेच्छापत्र यायला लागलं. मग तेही थांबलं.

“देतो की,” मी म्हणालो. “वाचून बघतो.”

“एकच प्रत आहे,” त्या म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या.

घरी नेऊन मी तो गठ्ठा कपाटावर ठेवला. तेव्हा महिन्याची सात तारीख होती. त्या दिवशी मला वाचायचं नव्हतं आणि दुसऱ्या दिवशीही नव्हतं. कपाटासमोरून जाता-येता वर नजर जायची. चांगली नसणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. बाई सज्जन, कामसू, त्यातून प्रूफरीडर. ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक असेल. चार पानं वाचून ‘प्रयत्न स्तुत्य’ लिहून मोकळा होऊ. अशा चिठ्ठ्या देण्यात माझा हात कुणी धरला नसता.

पण आधी वाचली माझ्या बायकोनं. कुमुद शेंगा फोडत बसली होती आणि वाचायला काही नव्हतं म्हणून तिनं गठ्ठा खाली काढला. दोन दुपारी ती जागची हलली नाही. शेंगा तशाच राहिल्या. वाचून झाल्यावर तिनं दोरे पुन्हा होते तसे बांधले. वाण्याची मुलगी, पुडीची गाठ तिला जन्मजात येते. मग मला विचारलं, “या बाई राहतात कुठं?”

“शनिवार पेठेत. का?”

“जाऊन भेटून यावं म्हणते.”

“कशाला?”

“काही नाही. नुसतं बसून यावं.”

आमच्या लग्नाला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. ‘तिरपागडं’ वाचून कुणी नुसतं बसायला आमच्या घरी आल्याचं मला आठवेना. स्वतः कुमुद ते सदर वाचायची, नाही असं नाही. वाचून झालं की त्यावर कोथिंबीर निवडायची.

“चांगली आहे का?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तुम्हीच वाचा की,” ती म्हणाली. “तुम्हाला कळतं त्यातलं.”

हे ती टोमण्यानं म्हणाली की भाबडेपणानं, हे सत्तावीस वर्षांनंतरही मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी अंघोळ करून मी टेबलाशी बसलो, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिला दोरा सोडला.

गोष्ट एका गिरणीवाल्या बाईची होती. सरूबाई तिचं नाव. नवरा नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला, मागं पिठाची गिरणी ठेवून. ती गिरणी चालवते आणि डब्यातल्या धान्यावरून तिला सगळ्या गावाचं घर-घर कळतं. ज्वारीच्या जागी गहू आला म्हणजे जावई आलाय. जाडं दळून मागितलं म्हणजे घरात बाळंतीण आहे. डबा अर्धाच आला म्हणजे काय, ते ती बोलत नाही, पण त्या डब्याला नंबर लावत नाही, आधी दळून देते.

इतकंच. नदी नाही, चंद्र नाही, कुणी कुणाला उद्देशून लांबलचक बोलत नाही. माझ्या कादंबरीत पहिल्या तीन प्रकरणांत मिळून अकरा सूर्यास्त होते.

चाळीस पानं झाल्यावर मी उठून पाणी प्यालो. ऐंशी पानं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की पेन्सिल हातात आहे पण मी एकही खूण केलेली नाही. तेव्हा मुद्दाम खुणा करायला लागलो. एका ठिकाणी ‘पुनरुक्ती’ लिहिलं. पुन्हा वाचल्यावर कळलं, पुनरुक्तीच हवी होती. खोडलं. काहीतरी सापडावं म्हणून मी त्या बाडात पोलिसासारखा फिरत होतो, आणि बाई प्रत्येक खोलीचं दार आपणहून उघडून देत होत्या.

मध्येच एक पान उलटं पडलं. मागच्या बाजूला माझंच ‘तिरपागडं’ होतं, नगरपालिकेच्या दिव्यांवरचं. छापून आलं तेव्हा लोक रस्त्यात थांबवून टाळ्या देत होते. मी दोन ओळी वाचल्या आणि पान पटकन सुलटं केलं. तेव्हापासून ती खोडच लागली. बाईंचं एक पान वाचायचं आणि मागं कोण आहे ते बघायचं. कधी बाजारभाव असायचे, कधी निधनवार्ता. दहा-बारा वेळा मी होतो. बाजारभाव आणि निधनवार्ता टिकून होत्या.

जेवायला हाक आली. मी “नको” म्हणालो. कुमुदनं दारातून डोकावून बघितलं, कुठल्या पानावर आहे ते पाहिलं आणि गेली. तिला माहीत होतं पुढं काय येणार ते. याचाही मला राग आला.

दोनशे बारा नंबरच्या पानावर गिरणीत एक अनोळखी बाई येते. गावात नवीन आहे, पाच-सहा दिवस झाले असतील. डबा ठेवते. सरूबाई झाकण काढून हात घालते, तर गव्हात मूठभर मेथ्या मिसळलेल्या. मेथ्या घातलेली कडू चपाती आवडीनं खाणारा माणूस तिला जन्मात एकच माहीत आहे. ती त्या बाईकडं बघते. गळ्यात नवं मंगळसूत्र. हातात डब्याची कडी धरलेली, अजून सोडलेली नाही. मागं नंबर लावून सात-आठ बायका उभ्या. गिरणीचा पट्टा फिरतोय. सरूबाई डबा आपल्याकडं ओढते आणि विचारते :

“जाडं का बारीक?”

मी समासात ‘पुरे’ असं लिहिलं आणि वाचणं बंद केलं.

खरं सांगायचं तर लिहिलं असं म्हणता येत नाही. ते झालं. दातात काही अडकल्यावर जीभ जशी आपोआप जाते तसा हात गेला. पेन्सिलीचं टोक मोडलं. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया वाळत घालत होतं. ती बाईसुद्धा एखादी कादंबरी लिहून झाल्यावरच वर आली असावी, असं मला वाटलं. पुढच्या तीन प्रकरणांचे दोरे मी सोडलेच नाहीत. गठ्ठा एकत्र केला आणि पिशवीत घातला.

सोमवारी कचेरीत मी तो बाईंच्या टेबलावर ठेवला.

“वाचलीत?” त्यांनी चष्मा काढून विचारलं. चष्म्याशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

“वाचली. चांगली आहे.” मी आवाज शक्य तेवढा जाणत्याचा केला. “पण घाई नको. पहिलं लिखाण आहे. अजून कच्चं वाटतं. दोन-तीन वर्षं मुरू द्या. मग बघू.”

“आणि चिठ्ठी?”

“मुरल्यावर देतो की.”

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एकतीस वर्षं झाली. विनोदी लेखकाला लोक निर्विष समजतात आणि त्या समजुतीवर मी पोट भरलं आहे. पण वीस तारखेला निसळ येणार, पुन्हा कधी येतील सांगता येत नाही, आणि तीन वर्षांनी बाई ते बाड घेऊन माझ्याकडं येणार नाहीत, हे सगळं ठाऊक असताना मी ते म्हणालो होतो. म्हणताना गोड हसलोही होतो.



“बरं,” बाई म्हणाल्या, चष्मा लावला आणि समोरचं प्रूफ ओढून घेतलं.

शुक्रवारी दुपारी त्या पुन्हा माझ्या टेबलापाशी आल्या. हातात गठ्ठा होता, पण निम्म्यावर आल्यासारखा दिसत होता. प्रत्यक्षात पन्नासेक पानंच कमी होती. अपराधी माणसाला सगळं कमीच दिसतं.

“तुम्ही लिहिल्याप्रमाणं केलं,” त्या म्हणाल्या.

“मी काय लिहिलं?”

“पुरे.” त्यांनी शेवटचं पान वर काढून माझ्यापुढं धरलं. “दोनशे बारावर थांबवलं. पुढची तीन प्रकरणं काढून टाकली.”

मी पान हातात घेतलं. ‘जाडं का बारीक?’ आणि त्याखाली कोरा कागद.

त्या तीन प्रकरणांत काय होतं ते मला कुमुदकडून नंतर कळलं. नवरा येतो, पाया पडतो, भांडण, रडारड, दोघी बायकांची समजूत, गिरणीला नवा पट्टा. वाईट नव्हतं, असं कुमुद म्हणाली. पण त्या वेळी माझ्यासमोर फक्त ते कोरं अर्धं पान होतं, आणि ते बघताना मला जे काही झालं ते लिहून सांगण्याइतका मी चांगला लेखक नाही. आधी नुसती चांगली कादंबरी होती. आता ती अशी झाली होती, की कुणी वाचल्यावर रात्रीचं जेवण विसरेल. आणि ती तशी माझ्या एका शब्दानं झाली होती.

मग दुसरा विचार आला. बाईंचा गैरसमज झालाय. त्या माझ्या तडफडीला सल्ला समजल्या आहेत. म्हणजे हे श्रेय माझं आहे. नुसतं हात पुढं करून घ्यायचं आहे.

“हां,” मी खुर्चीत मागं रेललो. “मला तेच सुचवायचं होतं. कादंबरीत कुठं थांबायचं हे कळणं फार महत्त्वाचं असतं. पुष्कळांना ते शेवटपर्यंत कळत नाही.”

“खोटं कशाला बोलता साहेब,” हणबरबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. शुद्धलेखनाची चूक दाखवताना असायचा तसाच होता.

जिल्हा वार्ताहर घोरायचा थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“म्हणजे?”

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. सोळा वर्षांत माझ्या टेबलाशी त्या पहिल्यांदा बसत होत्या.

“तुमची प्रुफं मी बघते ना. तुम्ही दुरुस्ती करता तेव्हा पेन्सिल हलकी असते. शब्दाभोवती गोल, समासात बारीक अक्षर. दाबून तुम्ही एकदाच लिहिता, संपादकांनी तुमचा परिच्छेद कापला की. तेव्हा कागद फाटतो. हे बघा.” त्यांनी ते पान उलटं केलं. ‘पुरे’चा उकार कागदातून आरपार गेला होता. मागच्या बाजूला माझंच सदर होतं आणि भोक नेमकं माझ्या नावावर पडलं होतं. “ही दुरुस्ती नव्हती. तुम्हाला सोसलं नाही.”

बोलण्यासारखं जे होतं ते त्यांनी बोलून टाकलं होतं.

“आणि पुढं तुम्ही वाचलंही नाही.”

“कशावरून?”

“शेवटच्या तीन प्रकरणांचे दोरे सोडलेले नव्हते. बाकीच्यांना तुम्ही बुटाच्या नाडीसारख्या गाठी मारल्या आहेत.”

“मग तुम्हाला राग यायला हवा होता.”

“आला की. मुरू द्या म्हणालात तेव्हा आला. स्वतःची अकरा वर्षं मुरते आहे आणि मला सांगताय.” त्यांनी पदरानं चष्मा पुसला. “घरी जाऊन विचार केला. माझ्या बहिणीनं वाचली. तिला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत छान वाटलं. तिचा उपयोग काय? छान कुठं आहे ते कळत नाही. तुम्हाला मात्र दोनशे अकरा पानं कशीबशी सोसली आणि दोनशे बाराव्याला तुम्ही पेन्सिल मोडली. म्हटलं, ज्याला चांगलं म्हणायचंच नाही, त्या माणसाला जिथं पुढं जाववत नाही, तिथं गोष्ट संपलेली आहे. पुढचं मी उगाच लिहिलं होतं. रोज एक पान लिहायची सवय लागली होती म्हणून.”

पाच रविवार मी ज्या विषयावर बडबडलो, त्यातली ही एक गोष्ट मला माहीत नव्हती.

“म्हणजे मी जळावं म्हणूनच दिलीत मला?” मी विचारलं.

“नाही ओ. चिठ्ठीसाठी दिली होती. जळाल असं वाटलं नव्हतं. तुम्ही एवढे मोठे लेखक.”

त्या हे मनापासून म्हणाल्या. त्यामुळं जास्त लागलं.

“हणबरबाई,” मी म्हणालो, “तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे.”

“माहीत आहे. परवा वीस तारीख. चिठ्ठी द्या.”

मी कागद ओढला आणि लिहायला लागलो. ‘सौ. प्रमिला हणबर यांची लेखनशैली प्रासादिक असून त्यांच्या लेखणीतून ग्रामीण जीवनाचे मनोज्ञ दर्शन…’ त्यांनी वाकून बघितलं.

“हे तुम्ही गेल्या साली त्या दाताच्या डॉक्टरांना दिलं होतं. त्यांच्या कवितासंग्रहाला. ‘ग्रामीण’च्या जागी ‘मानवी’ होतं.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“प्रूफ मीच बघितलं.”

मी कागद चुरगाळला. दुसरा घेतला. विनोद सुचत होते, एकापेक्षा एक सरस, आणि प्रत्येक विनोदाच्या आडून मला मोकळं सुटता आलं असतं. बाई स्टुलावर हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसल्या होत्या. घाई करत नव्हत्या. शेवटी मी लिहिलं :

‘प्रिय निसळ, ही कादंबरी छापा. जे मला अकरा वर्षांत जमलं नाही ते या बाईंनी नऊ महिन्यांत केलं आहे. मला हेवा वाटतो. – टेंबे.’

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग लाल पेनानं ‘मला हेवा वाटतो’ याच्याभोवती गोल केला आणि बाण काढून ते वाक्य ‘प्रिय निसळ’च्या लगेच पुढं नेलं.

“असं का?”

“प्रकाशक पहिली ओळ वाचतात. पुन्हा स्वच्छ लिहून द्या.”

मी पुन्हा स्वच्छ लिहून दिली.

निसळांनी बाड लग्नाच्या मांडवातच वाचायला घेतलं म्हणतात. पुतणीची पाठवणी झाली तेव्हा ते कोपऱ्यात एकशे सत्तराव्या पानावर होते आणि यजमान त्यांना शोधत होते. आठवडाभरात त्यांचं पत्र आलं. बाईंना लांबलचक, मला दोन ओळींचं. ‘टेंबे, तुमची चिठ्ठी म्हणजे अस्सल तिरपागडं. हसून हसून पुरेवाट झाली. मलपृष्ठावर छापतो आहे, हरकत नसावी.’

माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं.

पुस्तक निघालं तेव्हा पाठीमागं मोठ्या टायपात छापलं होतं : ‘मला हेवा वाटतो. – सुप्रसिद्ध विनोदकार टेंबे.’ गावभर त्याचं कौतुक झालं. काय दिलदार माणूस. मोठेपणा किती, आणि तो सांगायची तऱ्हा किती मिस्कील. संपादकांनी पाठ थोपटली. दाताचे डॉक्टर म्हणाले, स्तुती करावी तर अशी, उलट्या अंगानं. कुमुदला मंडईत एका बाईंनी थांबवून सांगितलं, तुमच्या यजमानांचं मन आभाळाएवढं आहे. कुमुद त्या बाईंना “हो का” म्हणाली आणि घरी येऊन मला पिशवीतल्या मेथीच्या जुड्या दाखवल्या.

प्रकाशन समारंभ आमच्याच गावात झाला. व्यासपीठावर निसळ, नगराध्यक्ष, हणबरबाई आणि मी. बाईंनी नवी इरकली साडी नेसली होती आणि त्या समोरच्या हार-तुऱ्यांकडं प्रूफ बघितल्यासारख्या बघत होत्या. निसळ बोलायला उठले. त्यांनी कादंबरीबद्दल बरंच काही चांगलं सांगितलं, त्या शेवटाबद्दल तर फारच, आणि मग खिशातून माझी चिठ्ठी काढली.

“आता ऐका,” ते म्हणाले, “आपल्या टेंब्यांनी मला काय लिहिलं होतं ते. प्रिय निसळ. मला हेवा वाटतो.”

सगळा हॉल हसला. नगराध्यक्ष मांडीवर थाप मारून हसले. मीही हसलो. सवय होती.

हणबरबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि खांद्यावरचा पदर सारखा केला, कुणी तोंडावर खरीखुरी स्तुती केली की माणसं करतात तसा.